उभ्याचं काम आणि कॉम्प्रेशन मोजे : सोलापूरकराने कोणता घ्यावा?

कामाची पाळी सुटेपर्यंत पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात. घोट्याशी चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटलेला असतो आणि रात्री पाय उशीवर घेतल्याशिवाय चैन पडत नाही. सोलापुरात ही तक्रार यंत्रमागावरच्या कामगाराची आहे, गणवेशाच्या कारखान्यातल्या प्रेसवाल्याची आणि कटिंग मास्तरची आहे, नव्या पेठेतल्या दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींची आहे, तशीच चौकातल्या वाहतूक पोलिसाची आणि वॉर्डातल्या सिस्टरचीही आहे. मी सर्जिकल सामानाच्या दुकानात काम करतो, त्यामुळे ही सगळी मंडळी काउंटरपाशी भेटतात. पहिला प्रश्न किमतीचा असतो, दुसरा ‘सगळ्यात घट्ट कुठला?’ हा. खरं तर मोजा ठरतो तो पायाच्या मापावर, कामाच्या पद्धतीवर आणि अंगात आधीच असलेल्या आजारांवर.

माझं मत आधीच सांगतो. ज्याला दुसरा आजार नाही आणि संध्याकाळी पाय जड होतात एवढीच तक्रार आहे, त्याने गुडघ्याखालपर्यंतचा, १५ ते २० मिमी दाबाचा (ब्लडप्रेशरसारखा हा दाबही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात), मापाने घेतलेला मोजा घ्यावा. चप्पल घालत असेल तर उघड्या पंजाचा. बाकी पर्याय कुणासाठी आहेत आणि कुणी त्यांच्या वाटेला जाऊ नये, ते पुढे.

मोजा करतो काय

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात, नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरा, दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि नीलांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. माणूस एका जागी उभा राहिला की हा पंप थांबतो. निश्चल उभं असताना घोट्याजवळच्या नीलेत साधारण ८० ते ९० मिमी पाऱ्याइतका दाब असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो झपाट्याने उतरून ३०च्या आसपास येतो. म्हणूनच दोन मागांमध्ये फेऱ्या मारणाऱ्यापेक्षा प्रेसच्या टेबलाशी खिळलेल्या माणसाचे पाय लवकर सुजतात.

कॉम्प्रेशन मोजा घोट्यापाशी सगळ्यात जास्त आवळतो आणि वर जाताना त्याचा दाब कमी कमी होत जातो. पाकिटावर लिहिलेला आकडा घोट्याजवळच्या दाबाचा असतो. बाहेरून आधार मिळाल्यामुळे नीला फार ताणल्या जात नाहीत आणि ऊतींमध्ये पाणी कमी झिरपतं. जडपणा आणि सूज यांवर त्याचा उपयोग होतो. आधीच फुगलेल्या, वेड्यावाकड्या झालेल्या नीला मात्र मोज्याने बऱ्या होत नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ साली डॉक्टरांसाठी काढलेल्या सूचनांमध्येही हेच आहे : व्हेरिकोज व्हेन्सवर दुसरी प्रक्रिया शक्य असेल तर उपचार म्हणून मोजे देत बसू नये. तेव्हा ‘सहा महिने मोजे घाला, शिरा जातील’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मोज्यासारखं दिसणारं सगळं सारखं नसतं

रस्त्यावर मिळणारा घट्ट खेळाचा मोजा सगळीकडे सारखाच आवळतो, आणि वरच्या रबरापाशी तर सर्वांत जास्त. म्हणजे जिथे दाब कमी हवा, तिथेच पट्टी बसते. त्याने पाय हलका होण्याऐवजी पोटरीवर खोल वळ पडतो. पाकिटावर दाबाचा आकडा नसेल तर तो कॉम्प्रेशन मोजा म्हणून घेऊ नये, मग त्यावर काहीही छापलेलं असो.

क्रेप बँडेज स्वस्त असतं आणि घरोघरी पडलेलं असतं. मुरगळलेल्या पायाला ते चांगलं. पण रोज कामावर जाताना ते प्रत्येक वेढ्याला सारख्या ताणाने बांधणं अनुभवी हातालाही जमत नाही. दुपारपर्यंत ते सैल होऊन घोट्यावर गोळा होतं, आणि तो गोळाच मग काचतो.

पोटरीची नुसती बाही, म्हणजे पाऊल नसलेली स्लीव्ह, धावणाऱ्यांसाठी असते. उभ्याच्या कामात सूज घोट्याला आणि पावलाला येते आणि नेमका तोच भाग ती उघडा सोडते. मी ती उभ्याच्या कामासाठी देत नाही.

आणखी एक प्रकार फार दिसतो. सिझर किंवा मोठ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातून मिळालेले पांढरे लांब मोजे. ‘चांगले आहेत, वाया का घालवायचे?’ म्हणून घरातलं कुणीतरी ते कामावर घालतं. ते मोजे अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णाच्या पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून बनवलेले असतात आणि त्यांचा दाब आडव्या पायाच्या हिशोबाचा असतो. शिवाय ते दुसऱ्याच्या पायाच्या मापाने घेतलेले. उभ्या पायाला त्यांचा उपयोग नाही.

१५–२० की २०–३०?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून आलेले एक काका म्हणाले होते, “जास्तीच्या प्रेशरचा द्या की ओ, एकदाच काम होऊ दे.” मी म्हणालो, “काका, जास्तीचा घेऊन तुम्ही चार दिवसांत कपाटात टाकाल. जो रोज चढेल तो घ्या.” त्यांना पटलं, कारण आदल्या वर्षी त्यांच्या सुनेने तसाच एक मोजा आणून टाकून दिला होता.

१५–२० मिमीचा मोजा स्वतःच्या हाताने चढवता येतो, दिवसभर सहन होतो आणि पाय भरून येण्याच्या तक्रारीला पुरतो. २०–३० मिमीचा मोजा औषधासारखा समजावा : नीला ठळक फुगल्या आहेत, घोट्याजवळची कातडी काळवंडली आहे, बोटाने दाबल्यावर खड्डा पडण्याइतकी सूज रोज येते किंवा जखम भरत नाही, अशा वेळी डॉक्टरांनी पाय तपासून लिहून दिला तरच तो घ्यायचा. ३०च्या पुढचे मोजे तर चिठ्ठीशिवाय मागूच नयेत.

पाकिटावरच्या ‘क्लास’वर जाऊ नका. जर्मन पद्धतीत क्लास १ म्हणजे १८ ते २१ मिमी आणि क्लास २ म्हणजे २३ ते ३२. ब्रिटिश पद्धतीत क्लास १ म्हणजे १४ ते १७ आणि क्लास २ म्हणजे १८ ते २४. त्यामुळे दोन कंपन्यांचा ‘क्लास २’ सारखा असेलच असं नाही. मिमीचा आकडा वाचा आणि तो नसेल तर दुकानदाराला विचारा.

गुडघ्यापर्यंतचा की मांडीपर्यंतचा, हे मात्र चटकन ठरतं. उभ्याच्या कामाला गुडघ्याखालचा पुरतो. मांडीचा मोजा घामाने घसरतो, सारखा ओढावा लागतो आणि दुमडला की तिथे दोरीसारखा काचतो. मांडीतल्या नीलांचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच तो घ्या.

सोलापूरचा उन्हाळा, चप्पल आणि जोडवी

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो. त्यात पत्र्याच्या शेडमध्ये माग चालतात किंवा शेजारी वाफेची इस्त्री असते. ‘एवढ्या उन्हात मोजा कोण घालणार?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे.

लोक सुती मोजा मागतात, कारण सुती म्हणजे थंड असं आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण कॉम्प्रेशन मोज्यात पूर्ण सुती असं काही नसतं. दाब देणारा धागा इलास्टेनचा असतो आणि त्याच्यासोबत नायलॉन किंवा सुताचं मिश्रण असतं. सूत जास्त असलेला मोजा कातडीला मऊ लागतो, पण घाम शोषून ओला राहतो आणि जाड असल्याने बुटात अडचण करतो. नायलॉनचा पातळ मोजा लवकर वाळतो, रात्री धुतला तर सकाळी तयार असतो, पण काही जणांना त्याने खाज सुटते. प्रेसवाल्याला आणि मागावरच्या कामगाराला मी पातळ नायलॉनचा सुचवतो. घामोळं किंवा खाज असलेल्याला, आणि पंख्याखाली उभं राहून शिकवणाऱ्या बाईंना, सुताच्या मिश्रणाचा.

पंजाचं उत्तर पायताणावर आहे. कारखान्यात बहुतेक जण चपलेवर असतात, काही तर अनवाणीच. त्यांना उघड्या पंजाचा मोजा बरा : अंगठ्याची चप्पल अडत नाही, बोटांना वारा लागतो, बोटांमध्ये चिखल्या होत नाहीत. फक्त पंजाजवळचा काठ बोटांच्या मुळाशी आवळतोय का, हे पहिल्या दिवशी नीट बघा. पोलिसाला आणि सिस्टरला बूट असतात, त्यांनी बंद पंजाचा घ्यावा. तो लांबीला तोकडा नको, नाहीतर नखं दुखतात.

बायकांसाठी एक अडचण कुठल्याच पाकिटावर लिहिलेली नसते. जोडव्यांत मोज्याचा धागा अडकतो आणि एकदा ओढला गेला की मोजा तिथून उसवत जातो. जोडवी काढायची नसतील तर उघड्या पंजाचा मोजा घ्या, आधी पावलावर गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवा, तिच्यावरून मोजा सरकवा आणि मग पुढच्या तोंडातून पिशवी ओढून काढा. पैंजण मात्र मोज्याखाली ठेवू नका. ते दिवसभर हाडात रुततं.

माप

माप सकाळी घ्यावं, अंथरुणातून उठल्यावर, पाय सुजण्याच्या आत. संध्याकाळी कामावरून परतताना दुकानात शिरून माप दिलं तर सुजेचं माप होतं आणि मोजा एक नंबर सैल येतो. शिंप्याची टेप पुरते. घोट्याच्या हाडाच्या जरा वर जिथे पाय सगळ्यात बारीक आहे तो घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची. दोन्ही पायांची मापं घ्या, ती वेगळी असू शकतात. ही मापं पाकिटामागच्या तक्त्याशी जुळवायची. चपलेच्या नंबरावरून ‘मीडियम द्या’ म्हणायचं नाही.

घरून सकाळची मापं कागदावर लिहून आणणारं गिऱ्हाईक आलं की मला मनापासून बरं वाटतं. त्याचा मोजा सहसा चुकत नाही.

यांनी आधी डॉक्टर गाठावा

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. पायाच्या धमन्यांत अडथळा असेल तर बाहेरचा दाब रक्तपुरवठा आणखी तोडतो. थोडं चाललं की पोटरीत पेटके येतात आणि थांबलं की जातात, पाऊल थंड पडतं, बोटांवरची जखम भरत नाही, ही त्याची लक्षणं. तंबाखू आणि विडी पुष्कळ वर्षं ओढलेल्या माणसाने तर तपासणीशिवाय मोजा घेऊच नये. जुना मधुमेह असून पायाला बधिरपणा असेल, तर मोजा काचतोय हे कळणारच नाही आणि फोड उठेपर्यंत पत्ता लागणार नाही. हृदयाचा त्रास आणि दम लागणं असेल, कातडीला जंतुसंसर्ग किंवा चिघळलेली जखम असेल, तरीही आधी डॉक्टर. दंड आणि घोटा इथला रक्तदाब मोजून त्यांची तुलना करण्याची साधी तपासणी असते. ती झाली की मोजा चालेल की नाही हे डॉक्टरांना कळतं.

एकाच पायाला अचानक सूज, पोटरीत दुखणं, पाय गरम आणि लालसर, असं असेल तर नीलेत रक्ताची गाठ असू शकते. त्या दिवशी मोजा चढवू नका, पाय चोळू नका, थेट दवाखान्यात जा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

आणि ब्लडप्रेशरची गोळी कोणती चालू आहे ते बघा. अॅमलोडिपिनने अनेकांच्या घोट्यांना सूज येते. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण डॉक्टरांना सांगा. कदाचित मोज्याची गरजच उरणार नाही.

मोजा की स्टूल?

मोजा घेतला म्हणून तासन्तास न हलता उभं राहायचं असं नाही. एक पाय वीतभर उंच पाटावर ठेवून आलटून पालटून उभं राहणं, दर अर्ध्या तासाला टाचा वीस-पंचवीस वेळा उचलणं, कठीण फरशीवर रबरी मॅट टाकणं, याला जवळजवळ काही पैसे लागत नाहीत. ज्याला मोजा सहन होत नाही त्याने एवढं तरी करावं.

आणि बसायला मागणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय कारखान्यात असावी, हे १९४८च्या कारखाने कायद्यातच, कलम ४४ मध्ये, लिहिलं गेलं. दुकानांतल्या कामगारांना बसायचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात आणला. पेठेतल्या दुकानदारांनी कायद्याची वाट न बघता काउंटरमागे दोन स्टुलं ठेवली तर ती मुलं-मुली संध्याकाळीही गिऱ्हाइकाशी नीट बोलतील.

घेताना आणि वापरताना

एकच महागडा जोड घेण्यापेक्षा मध्यम किमतीचे दोन घ्या. रोज धुवायचा असतो, आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नसलं तरी एका जोडाला तांब्या-दोन तांब्यांत भागतं. साधा साबण, हाताने, न पिळता. टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत वाळवायचा. गच्चीवरचं ऊन इलास्टेनला मारतं. पायाला खोबरेल लावून मोजा चढवू नका, तेलानेही धागा सैल होतो. रात्री तेल लावायला हरकत नाही, कारण झोपताना मोजा काढायचाच असतो.

चढवताना मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत घाला, टाच टाचेवर बसवा आणि मग तळहाताने थोडा थोडा वर सरकवा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली येते. वरचा काठ गुडघ्याच्या घडीखाली दोन बोटं राहू द्या आणि कधीही दुमडू नका, दुमडल्यावर तिथला दाब दुप्पट होतो. पहिल्या दिवशी तीन-चार तासच घाला. बोटं निळसर पडली, मुंग्या आल्या किंवा दुखायला लागलं तर लगेच काढा.

रोज वापरलेल्या मोज्याचा दाब साधारण सहा महिन्यांत उतरतो. सहज, न ओढता चढायला लागला की समजा बदलायची वेळ झाली. आणि पाकीट फोडून घातलेला मोजा बरीच दुकानं परत घेत नाहीत, म्हणून मापाचा कागद दाखवून, नंबर चुकला तर बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.