लायपोसोमचा आकार मोजणारं डीएलएस यंत्र: काही महिन्यांच्या वापरानंतर

लायपोसोम म्हणजे मेदाच्या पडद्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या. डीएलएस (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग) यंत्र त्यांनी विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांचा आकार काढतं. रोजच्या वापरानंतर एवढं नक्की म्हणता येतं की यंत्र चोख आहे. आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) नाहीतर सेटिंगमध्ये. लेसरच्या प्रकाशात कणांची थरथर किती वेगाची आहे एवढंच ते पाहतं, व्यास त्यावरून गणिताने निघतो. त्या गणितातली व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा दाटपणा, आपण भरतो.

सगळ्यांत फसवं प्रकरण साखरेचं. लायपोसोम १० टक्के सुक्रोजमध्ये असतात आणि सेटिंगमध्ये 'पाणी' तसंच राहून जातं. २० अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी १.००, या द्रावणाची सुमारे १.३४ मिलिपास्कल-सेकंद. मग १०० नॅनोमीटरचा कण १३४ चा दिसतो, आणि पीडीआय (कणांचे आकार किती विखुरलेले आहेत हे सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) मात्र छान ०.१ येतो, म्हणून शंकाही येत नाही. यावर साध्या पाण्याने पातळ करणं हा उपाय नव्हे. लायपोसोमच्या आतल्या साखरेपायी पाणी आत शिरतं, ते फुगतात, काही फुटतातही. सेटिंगमध्ये द्रावणाचीच व्हिस्कॉसिटी भरा, आणि पातळ करायचंच तर त्याच सुक्रोजच्या द्रावणाने करा, तेही ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरने गाळून, पहिले काही थेंब टाकून देऊन. लायपोसोमचा नमुना मात्र गाळू नका. मोठे कण फिल्टरवरच अडकतात आणि निकाल खोटाच देखणा येतो.

सोलापूरच्या कोरड्या वाऱ्यात धुळीला तोटा नाही. दुप्पट व्यासाचा कण सुमारे ६४ पट प्रकाश विखुरतो, त्यामुळे एखादा धुळीचा कणही मायक्रॉनच्या पुढे शिखर उभं करतो. काउंट रेट (दर सेकंदाला टिपलेल्या प्रकाशाचं प्रमाण) मध्येच उसळला तर ते वाचन बाद. क्युव्हेटला झाकण हवंच.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा फ्रिजमधला नमुना थेट यंत्रात घालू नये. काचेवर दव धरतं, आत बुडबुडे सुटतात. मोजणीआधी तापमान स्थिरावण्यासाठी ठरलेला १२० सेकंदांचा थांबा तेव्हा पुरत नाही. आधी एसीच्या खोलीत २५ अंशांवर येऊ द्या. तापमान एका अंशाने हललं तरी पाण्याची व्हिस्कॉसिटी साधारण २ टक्के बदलते. वीज गेली-आली की लेसरला अर्धा तास द्यावा लागतो, म्हणून यूपीएस घ्याच.

अहवालात झेड-ॲव्हरेज (विखुरलेल्या प्रकाशावरून काढलेला सरासरी व्यास) आणि पीडीआय एकत्र द्या. नंबर डिस्ट्रिब्यूशनचा, म्हणजे कोणत्या आकाराचे किती कण हे दाखवणारा, आलेख आकर्षक दिसतो, पण त्यावर विसंबू नका. तो विखुरलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेच्या आलेखावरून गृहीतकं धरून काढलेला असतो. ८० आणि १५० नॅनोमीटरचे दोन गट मिसळलेले असतील तर एकच रुंद शिखर दिसणार. तिथे क्रायो-टीईएमसारखं (नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं) तंत्र लागतं.