एकट्या प्रोग्रामरने काय धरावं: कॉपीराइट की पेटंट?

कोड लिहिला त्या क्षणी कॉपीराइट तुमचा होतो. बर्न कराराच्या (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) देशांत त्यासाठी नोंदणी लागत नाही, फी लागत नाही. मुदतही मोठी: लेखकाच्या हयातीनंतर किमान ५० वर्षं. पण हे संरक्षण लिहिलेल्या ओळींना आहे, त्यामागच्या कल्पनेला नाही. तुमचं ॲप पाहून कुणी तेच काम करणारा कोड स्वतः लिहिला, तर बहुतेक वेळा त्याला अडवता येत नाही.

पेटंट थेट पद्धतीलाच कुंपण घालतं. मुदत साधारण २० वर्षं. प्रत्येक देशात वेगळा अर्ज, तपासणी आणि पुढे नूतनीकरणाचा खर्च. अर्जाआधी कल्पना जाहीर केली तर बऱ्याच देशांत हक्कच जातो.

मला खरी भीती वाटते ती दुसऱ्याच्या पेटंटची. कॉपीराइटमध्ये ‘मी नक्कल केली नाही, स्वतः लिहिलं’ हा पक्का बचाव आहे. पेटंटमध्ये तो चालत नाही. जिफ चित्रांचंच बघा. हा फॉरमॅट १९८७ मध्ये आला आणि सगळीकडे पसरला. त्यातल्या एलझेडडब्ल्यू या डेटा आकुंचित करण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं, आणि १९९४ च्या अखेरीस परवाना शुल्काची मागणी सुरू झाली. स्वतःच्या हाताने कोड लिहिणारेही त्यातून सुटले नाहीत! त्या संतापातूनच पीएनजी हा चित्रांचा नवा फॉरमॅट जन्मला.

म्हणून एकट्याने काम करणाऱ्याला माझा सल्ला कॉपीराइटचाच. कोडसोबत परवान्याची फाइल ठेवा, बदलांचा तारीखवार इतिहास जपा. नोकरी किंवा कंत्राट असेल तर कोडची मालकी कोणाची, हे सही करण्याआधी वाचा.