आठ महिने घरीच केस सेट करतेय: स्पंज रोलर, आकडे आणि जवसाचं जेल

गेल्या जूनमध्ये स्पंज रोलर मागवले होते, २४ नगांचं पाकीट, १९० रुपये. आता फेब्रुवारी संपत आला. या आठ महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी केस सेट केलेत, दिवाळीत आणि चुलतभावाच्या लग्नात तर चार-चार दिवस सलग, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर "अजिबात घेऊ नका" एवढंच लिहिलं असतं आणि ते चुकीचं झालं असतं.

आधी माझे केस कसले ते सांगते, कारण त्याशिवाय या अनुभवाचा कुणाला उपयोग नाही. खांद्याच्या खाली चार बोटं, दाट, सरळ, जाड पोताचे. रविवारी खोबरेल तेल लावायची लहानपणापासूनची सवय. आणि मला पाहिजे काय होतं, तर चाळीसच्या दशकातल्या त्या बाजूला भांग पाडून कानावरून खाली उतरणाऱ्या लाटा, आणि कधीमधी साठच्या दशकातला वरचा फुगा आणि मागं भरगच्च अंबाडा. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे वेड लागायला फार काही लागत नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथंच सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली, पण जयप्रभा आणि शालिनी स्टुडिओमुळं सिनेमा गावात राहिलाच, आणि आमच्याकडं जुन्या नट्यांच्या फोटोंवर घरातल्या बायका अजून तासभर बोलू शकतात.

जून-जुलैचं सांगते. पाकिटावर लिहिलेलं, ओल्या केसांना रोलर लावा, झोपा, सकाळी सोडा. मी तसंच केलं. रात्री केस धुतले, टॉवेलनं टिपले, २४ रोलर लावले, झोपले. सकाळी सोडलं तर बाहेरून वाळलेले आणि आतून गार ओले, हाताला पाणी लागत होतं, तरी तशीच विंचरून निघाले आणि राजारामपुरीतून दसरा चौकापर्यंत जाईस्तोवर सगळं सरळ, वर सर्दी झाली ती वेगळीच. तीन वेळा हेच झालं. त्या दिवसांत पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज वाढत होती, ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे इथं पोरासोरांना पाठ असतं, घरात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते, तिथं स्पंजात गुंडाळलेले केस कुठनं वाळणार. स्पंज पाणी धरून ठेवतो हो. ही त्याची खरी अडचण, आणि पावसाळ्यात ती फार मोठी होते. शिवाय ओला राहिलेला स्पंज वासही मारायला लागतो, माझ्या पाकिटातले सहा त्यापायी टाकून द्यावे लागले.

हे असं का होतं ते समजल्यावर माझं निम्मं काम सोपं झालं. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो त्याच्या आत एकमेकांना धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध असतात, ते पाण्यानं सुटतात आणि केस वाळताना जसा वळलेला असेल त्याच आकारात परत जुळतात. म्हणजे आकार येतो तो वाळताना. अर्धवट ओला सोडला तर आकार धरलेलाच नसतो, आणि नीट वाळवलेल्या केसालाही नंतर हवेतला दमटपणा लागला की तेच बंध परत सुटायला लागतात. पर्मिंगचं, म्हणजे पार्लरमध्ये केस कायमचे कुरळे करून घेण्याचं वेगळं, तिथं सल्फरचे बंध केमिकलनं तोडून परत जोडतात म्हणून ते धुतलं तरी जात नाही. आपण घरी करतो ते फक्त पाण्याचं काम, पुढच्या धुण्यापर्यंतचं, आणि मला तेच बरं वाटतं.

आमची आत्या मंगळवार पेठेत राहते, आता पंचाहत्तरीच्या पुढं आहे, साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी कॉलेजला होती. तिच्याकडं गेले तेव्हा डोक्याला स्कार्फ बांधलेला बघून तिनं विचारलं आणि मी सगळी कहाणी सांगितली. ती म्हणाली, "अगं एवढं पाणी कशाला मारतीस? केस सकाळी धू, दिवसभर वाळू दे, रात्री नुसता हात ओला करून फिरव. ये हिकडं, मी दाखवतो." (आमच्याकडच्या जुन्या बायका करतो-जातोच म्हणतात, बाहेरगावच्यांनी गोंधळू नये.) आणि तिनं कपाटातनं आकड्यांचा डबा काढला. अंबाड्याला लावायचे काळे यू आकाराचे आकडे, आणि चपट्या बॉबी पिना. रोलर नाहीच. एक इंचभर रुंदीची बट घ्यायची, विंचरून ताणायची, टोकापासून मुळापर्यंत बोटाभोवती गोल गुंडाळत यायचं, वेटोळं डोक्याला चपटं बसवायचं आणि वर दोन पिना फुलीसारख्या. याला पिन कर्ल म्हणतात हे मला माहीत होतं, आत्याला नाव माहीत नव्हतं, पण हात तिचाच बसलेला होता.

मग मी पावसाळाभर पिनाच लावल्या. वेटोळ्याच्या मधे मोकळी जागा राहते, हवा लागते, स्पंजापेक्षा लवकर वाळतं. लाटा पाहिजे असतील तर एक ओळ घड्याळाच्या काट्यासारखी फिरवायची, खालची ओळ उलटी, तिसरी परत सुलटी, विंचरल्यावर दोन ओळी एकमेकींत मिसळून ती वळणदार लाट तयार होते. सगळ्या एकाच दिशेनं गुंडाळल्या तर नुसते कुरळे होतात. हे कळायला मला दीड महिना लागला. पहिल्यांदा ३६ वेटोळी करायला दोन तास गेले होते, आता चाळीस मिनिटांत होतं, मागची बाजू अजून आरशात न बघता हातानंच बरी जमते.

केस कापून घेतल्याशिवाय मात्र काही होत नाही, हे मी ठामपणे सांगते. एकाच लांबीचे दाट केस स्वतःच्या वजनानं खाली ओढले जातात, लाट फक्त शेवटच्या चार बोटांत राहते. ऑगस्टमध्ये मी थर पाडून घेतले, पाठीमागं यू आकार, पुढची सगळ्यात छोटी बट हनुवटीएवढी. त्याच दिवसापासून फरक दिसला. कपाळ मोठं असणाऱ्यांना पुढची छाट पण घेता येईल, हिंदी सिनेमातल्या साधनानं १९६० मध्ये रुंद कपाळ झाकायलाच हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्नसारखी छाट घेतली आणि मग 'साधना कट' म्हणून सगळ्या देशात पोरी ती मागायला लागल्या. आत्यानंही घेतली होती, आजोबा आठवडाभर बोलले नव्हते म्हणे.

जवसाचं जेल. बाजारातल्या दोन सेटिंग लोशनच्या बाटल्या मी संपवल्यात, एकीनं केस खडखडीत आणि विंचरताना पांढरा भुगा, दुसरी बरी होती पण महाग. शेवटी चटणीसाठी लक्ष्मीपुरीतनं आणतो तेच जवस घेतले. दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, सात-आठ मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटायला लागते की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच जुन्या पातळ ओढणीतनं गाळायचं. गार झाल्यावर गाळायला बसलात तर एक थेंब खाली येत नाही, मी एकदा पूर्ण पातेलं वाया घालवलंय. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्यायचं. बटेला वाटाण्याएवढं पुरतं, जास्त लावलं तर यानंही भुगा पडतो. थंडीच्या दिवसांत याच्यावर केलेला सेट मला तिसऱ्या दिवसापर्यंत गेलाय.

तेल लावलेल्या केसांवर यातलं काही टिकत नाही. मी आता रविवारऐवजी बुधवारी तेल लावते, गुरुवारी धुते, शुक्रवारी रात्री सेट. कंडिशनर फक्त टोकांना. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशीचे केस सगळ्यात छान ऐकतात.

आता विंचरण्याबद्दल, कारण नव्यानं करणारी प्रत्येक जण इथंच घाबरून हात आखडते. पिना सोडल्या की डोक्यावर मेंढीसारखी घट्ट वेटोळी असतात, वाटतं बिघडलं, आणि आपण बोटानं हलकं मोकळं करून सोडून देतो. तसं नाही करायचं. पूर्ण विंचरायचं, मुळापासून टोकापर्यंत, मऊ दाट केसांच्या ब्रशनं, आधी सगळं फुलून पिंजारल्यासारखं होतं, तिथं थांबायचं नाही, तळहातावर तेलाचे दोन थेंब चोळून परत विंचरत राहायचं, मग एका क्षणी बटा एकमेकींना धरायला लागतात आणि लाट दिसते. त्या लाटेच्या खळग्यात लांब चपट्या क्लिपा दहा मिनिटं लावून ठेवायच्या, तेवढ्यात साडी नेसून होते. मी हे पहिल्यांदा नीट केलं ते गौरी आल्या त्या दिवशी, आणि आरशासमोर खरंच पाच मिनिटं नुसती उभी राहिले होते. त्या जुन्या फोटोंतली लाट माझ्या डोक्यावर होती.

सप्टेंबरमध्ये हेअर ड्रायरला लावायची कापडी टोपी घेतली, साडेचारशेला. नळी ड्रायरला बसते, टोपी रोलरवरून डोक्यावर, कमी गरमवर पाऊण तास, मग पंधरा मिनिटं थंड हवा. ही घेतल्यावर माझे स्पंज रोलर परत वापरात आले. थंड हवेची पंधरा मिनिटं चुकवू नका, केस गरम असताना सोडला की आकार तिथंच सुटतो. मैत्रिणीचे गरम रोलर पण महिनाभर आणून वापरले, वीस मिनिटांत काम होतं, ऑक्टोबरनंतर संध्याकाळपर्यंत राहतं, पण लाट मऊसूत येत नाही आणि टोकं कोरडी पडली. घाईच्या लग्नाला ठीक, रोजचं नको.

साठच्या दशकाचा फुगा करायचा तर वेल्क्रोचे मोठे रोलर, चार-साडेचार सेंटिमीटरचे, फक्त टाळूवर पाच लावायचे आणि बट पुढं ओढून मागं गुंडाळायची म्हणजे मुळाशी उठाव येतो. दाट लांब केसांत हे रोलर अडकतात, सोडताना उलटे फिरवत सोडायचे, ओढायचे नाहीत. बॅककोंबिंग, म्हणजे उलटा कंगवा मारून केस फुगवणं, मुळाशीच, तेही थोडं. एका पार्लरमध्ये माझ्या भाचीच्या डोक्यात मुळापासून टोकापर्यंत उलटा कंगवा मारून वर स्प्रे ओतला होता, रात्री सोडवताना मूठभर केस आले आणि पोरगी रडली. असं करायचं कारण नाही. आत धरायला काहीतरी भरलं की झालं. आत्या गळलेले केस डबीत साठवून, जुन्या जाळीत भरून त्याची उशी करायची आणि फुग्याच्या आत बसवायची. युरोपातल्या बायका पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वी त्याचसाठी आरशापुढं केस साठवायचं भांडं ठेवायच्या. आपल्याकडं केसांच्या बदल्यात भांडी देणारी बाई दारात आली की ती डबी रिकामी व्हायची, आत्या मात्र निम्मे मागं ठेवायची. मी तशी उशी बनवली, स्वतःचेच केस असल्यानं रंग तंतोतंत जुळतो, अंबाड्यात घालायच्या विकतच्या गोल डोनटसारखी बाहेरून दिसत नाही. केस धुवून पूर्ण वाळवूनच भरायचे.

गजऱ्याचं कुणीच सांगत नाही म्हणून लिहिते. महाद्वार रोडला गजरेवाल्या पाणी मारून देतात, तो गार ओला गजरा लाटांवर माळला की जिथं टेकतो तिथलं वळण तासाभरात जातं. लग्नात माझी डावी बाजू अशीच गेली. आता गजरा घरी आणून रुमालावर अर्धा तास पसरते आणि अंबाड्याच्या मुळाशीच माळते, सुट्या लाटांच्या जवळ येऊ देत नाही. गाडीवर स्कार्फ बांधायचा असेल तर सुती नको, आत्याच्या जुन्या रेशमी साडीतला तुकडा मी आत घालते. रात्री झोपतानाही तोच. हेल्मेटला उपाय सापडला नाही, त्या दिवशी पुढचे दोन रोलर डबीत घेऊन जाते आणि पोचल्यावर दहा मिनिटं लावते.

रोलरचं म्हणाल तर २४ पैकी आज १५ चांगले आहेत. सहा वासानं गेले, तिघांची प्लास्टिकची पट्टी तुटली, पहिली तर दुसऱ्याच आठवड्यात. विकणाऱ्याला फोटोसकट लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. पट्टीच्या जागी मी आकडा खुपसते, चालतं. झोपताना मात्र कडेचे टोचतात, म्हणून मानेजवळच्या दोन ओळी पिनांच्याच ठेवते.

कुणी आज सुरू करत असेल तर मी आधी आकडे, पिना आणि चांगला ब्रश घ्यायला सांगेन, दोन-अडीचशेत होतं, जवस घरात असतातच. ब्रशवर पैसे वाचवू नका, त्याचे शंभर जास्त गेले तरी जाऊ देत. जूनच्या आत सुरू करणार असाल तर टोपी नंतर घेतली तरी चालेल, पावसात सुरू करणार असाल तर टोपी पहिल्यांदा घ्या आणि स्पंज घेऊच नका. मी स्वतः आता मार्च-एप्रिलची वाट बघतेय, उन्हाळ्यात केस तासाभरात वाळतील पण घामानं मुळं ओली होतील, तेव्हा टाळूवरच्या ओळी सोडून फक्त कानाखालच्या लाटा ठेवून बघणार आहे. आत्या म्हणते कपाळावरचे केस मागं घट्ट बसवून खाली सोडले तर उन्हाळ्यातही राहतात. शुक्रवारी तिच्याकडं जाऊन तेच शिकायचंय.