डिजिटल सातबारा: पंधरा रुपयांत काय मिळतं आणि काय राहून जातं

सातबारा दाखवणारी महसूल खात्याची दोन संकेतस्थळं आहेत आणि लोक हमखास त्यांची गल्लत करतात. महाभूलेखवर दिसणारा सातबारा फुकट असतो, पण त्यावर सही नसते. तो फक्त माहितीपुरता. तोच छापून बँकेत नेला की परत पाठवतात. कागद म्हणून चालतो तो दुसऱ्या संकेतस्थळावरचा, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. तो 2018 पासून मिळतो, एका प्रतीला 15 रुपये पडतात आणि त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही.

काढायला सोपा आहे. मोबाईलवर ओटीपी घ्या, संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात पैसे भरा, जिल्हा, तालुका, गाव निवडा आणि गट नंबर टाका. पोटहिस्सा नीट बघूनच निवडा, कारण 125/1 आणि 125/1/अ हे दोन वेगळे सातबारे आहेत आणि चुकीचा उतरवला तरी पैसे गेलेच. पैसे कापले गेले पण शिल्लक वाढली नाही, तर घाईने पुन्हा भरू नका. आधी पेमेंटची स्थिती तपासा. पीडीएफ लगेच उतरवून ठेवा.

नवी मांडणी जुन्यापेक्षा खूपच वाचनीय आहे. क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये येतं, कमी झालेल्या नावांवर आडवी रेघ असते, जुन्या फेरफारांचे (हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे) क्रमांक शेवटी एकत्र दिलेले असतात. जमीन घेणाऱ्याने मात्र सगळ्यात आधी बघायची ती ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळ. तिथे ‘नाही’ नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा, आणि कसला फेरफार अडकलाय ते ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर जाऊन वाचा. त्यानंतर बघायचा तो इतर हक्कांचा रकाना: फिटलेल्या कर्जाचा बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद) तिथे वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, कारण बँकेचा दाखला जोडून तो कमी करून घेणं हे खातेदाराच्याच गळ्यात असतं.

इथपर्यंत सेवेला पैकीच्या पैकी गुण. खरी रड पुढे आहे.

खरेदीखतासारखा दस्त नोंदला की तो नोंदणाऱ्या दुय्यम निबंधकाकडून माहिती ई-फेरफार प्रणालीत आपोआप जाते. वारस नोंद, बोजा चढवणं-उतरवणं यासाठी ई-हक्क या संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज करता येतो. पण नोंद होते ती माणसांच्या हातून: तलाठी फेरफार धरणार, जमीन महसूल संहितेच्या कलम 150 ची नोटीस काढणार, हरकतीसाठी 15 दिवस थांबणार, मग त्याच्या वरचा मंडळ अधिकारी प्रमाणित करणार. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि 15 दिवसांचा हिशेबच संपतो. एकाच सहखातेदाराला नोटीस पोचली नाही, तेवढ्यावरही नोंद लटकते. म्हणून वारस अर्जात सगळ्या वारसांचे पूर्ण पत्ते द्या, बहिणींचेसुद्धा. त्यांना वगळून केलेल्या नोंदीच पुढे अपिलात जातात.

तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण सजा, म्हणजे त्याच्याकडचा गावांचा गट, तोच आणि गावंही तेवढीच. त्यात शेजारच्या सज्याचा अतिरिक्त कार्यभार, पंचनामे, निवडणूक, अनुदानाच्या याद्या. 2023 मध्ये तलाठ्याच्या 4644 जागांची भरती काढावी लागली, यावरून रिकाम्या खुर्च्यांचा अंदाज यावा. सर्व्हर कितीही जोरात चालला तरी सही करणारा माणूस आठवड्यातून एकदा सज्यावर येणार असेल, तर नोंद त्याच्याच चालीने पुढे सरकणार.

दुसरं दुखणं हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवतानाच्या वेळचं. एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नसेल, तर त्या सातबाऱ्यावर डिजिटल सही होत नाही आणि तो संकेतस्थळावर मिळतच नाही. पुन्हापुन्हा गट नंबर टाकून उपयोग नाही. हस्तलिखित सातबाऱ्याची आणि संबंधित फेरफाराची नक्कल अभिलेख कक्षातून काढा आणि ती जोडून तहसीलदारांकडे कलम 155 खाली लेखनप्रमाद (लिहिण्यातली चूक) दुरुस्तीचा अर्ज द्या. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पण लक्षात घ्या, 155 हे मुख्यतः नकलताना झालेल्या चुकीसाठी. मूळ फेरफारच मान्य नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं. दुरुस्तीच्या नावाखाली वाद घुसवला की अर्ज फेटाळला जातो, आणि तोवर अपिलाची मुदत निघून गेलेली असते.

कोणी छापील सातबारा हातात दिला, तर त्यावरचा 16 अंकी पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकून बघा. आणि प्रत जुनी असेल तर आणखी 15 रुपये खर्च करून स्वतः ताजी काढा: पडताळणीत कागद खरा निघतो, पण मधल्या काळात फेरफार पडला असेल तर तो त्या कागदावर कुठून येणार?