जँगोत मराठीला प्रीफिक्स नको म्हटलं आणि /एमआर/ मेलं : आठ महिन्यांचा अनुभव

चिडून लिहायला घेतलंय, सूर तसाच लागेल. पेणला एका काकांचा गणपतीचा कारखाना आहे, त्यांची साईट मी सांभाळतो, जँगोवर, म्हणजे पायथनमध्ये वेबसाईट बांधायच्या तयार सांगाड्यावर. मराठी मुख्य, आणि इंग्रजी परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी. परवा सकाळी साडेसहाला काकांचा फोन, "अरे साईट मेली काय रे तुझी? अमेरिकेवाल्या ताई म्हणतात पान सापडत नाही." मी उघडली तर मस्त चालू. ताईंकडून स्क्रीनशॉट मागवला तेव्हा कळलं, त्यांनी गेल्या वर्षीची व्हॉट्सॲपवरची लिंक दाबली होती, साईटच्या नावापुढे /एमआर/ असलेली, एमआर म्हणजे मराठीचा भाषाकोड.

आधी बेसिक. पत्त्यात पुढे लागणारा भाषाकोड म्हणजे प्रीफिक्स, आणि तो पत्त्यांना लावणारी जँगोची सोय म्हणजे आय१८एन पॅटर्न्स. आय१८एन पॅटर्न्समध्ये प्रीफिक्स-डिफॉल्ट-लँग्वेज फॉल्स केलं की मुख्य भाषा बिनप्रीफिक्सची आणि बाकीच्यांना /ईएन/ (इंग्रजी) वगैरे. व्हर्जन १.१० पासून, म्हणजे २०१६ पासून आहे हे. माझ्याकडे आधी सगळ्यालाच प्रीफिक्स होता आणि साध्या पत्त्यावर आलेल्या माणसाला लोकेल मिडलवेअर (आलेल्याची भाषा ठरवणारा जँगोचा तुकडा) ब्राउझरची भाषा बघून त्या भाषेच्या पत्त्यावर ढकलायचं. आता आपल्याकडे चोवीस तास मराठी बोलणाऱ्या माणसाचाही फोन इंग्रजीतच असतो, त्यामुळे वडखळची मावशीपण थेट /ईएन/वर. काका वैतागले, साईट आपली मराठी, मग मराठी आहे म्हणून पत्त्यात पाटी कशाला लावायची? मुद्दा बरोबर होता. फॉल्स केलं, आणि खरं सांगतो, एकदम शांतता. साधा पत्ता म्हणजे मराठी, फोन कुठल्या का भाषेत असेना. सहा महिने मी हे सेटिंग दिसेल त्याला सुचवत होतो.

आणि आता हे. मला वाटलेलं जुनी /एमआर/वाली लिंक आली तर जँगो आपणहून साध्या पत्त्यावर नेईल, एवढी अक्कल असेलच. नाही. पत्त्यात एमआर दिसलं की मिडलवेअर म्हणतं, हां, भाषा मराठी. मग राउटर, म्हणजे पत्त्यावरून पान शोधणारा भाग, म्हणतो मराठीला तर प्रीफिक्स नसतो, तेव्हा एमआर/मूर्ती नावाचं पान शोधा, ते नाहीये, घ्या ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. एक भाऊ ओळख दाखवतो आणि दुसरा दारातून परत पाठवतो, असली तऱ्हा. ते सेटिंग ट्रू असताना बिनप्रीफिक्सच्या पत्त्यावर ४०४ आला तर प्रीफिक्स लावून बघायची सोय आहे त्यात, पण उलटी सोय नाही. मला आठ महिने कळलं कसं नाही तर गणपतीचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं, आणि परदेशी मूर्ती बोटीने जातात म्हणून ते लोक सगळ्यात आधी येतात. बाकीच्यांचा सीझन लागायचाच आहे अजून.

उपाय पाच मिनिटांचा. आय१८एन पॅटर्न्सच्या बाहेर /एमआर/साठी एक रीडायरेक्ट व्ह्यू, म्हणजे आलेल्याला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा तुकडा. त्यातही मी दोनदा आपटलो. एक म्हणजे तो क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) डिफॉल्टने गाळतो, त्यामुळे मूर्तीची उंची निवडलेली लिंक नुसत्या यादीवर उघडायला लागली. दुसरं, एमआरनंतर कोणी दोन स्लॅश दिले तर उरलेला तुकडा दुसऱ्याच साईटचा पत्ता होऊन बसतो, तेव्हा पुढचे स्लॅश आधी कापा. आणि ३०१ (कायमचा रीडायरेक्ट) देऊ नका, ३०२ (तात्पुरता) ठेवा. उद्या काकांचं मन फिरलं आणि प्रीफिक्स परत लावला तर ३०१ लक्षात ठेवलेला ब्राउझर /एमआर/वरून साध्यावर आणि सर्व्हर साध्यावरून /एमआर/वर, भोवरा नुसता.

कुकीबद्दल मात्र माझं मत बदललं. इंग्रजी निवडून गेलेला माणूस परत साध्या पत्त्यावर आला तर मराठीच दिसते, निवडलेली भाषा ब्राउझरमध्ये लक्षात ठेवणारी कुकी जँगो विचारातच घेत नाही. तिसऱ्या महिन्यात यावरून मी जाम तणतणलो होतो, स्वतःचं मिडलवेअर लिहायला पण घेतलं. मग बघितलं की काका लिंक पाठवतात आणि फोनवर "वरून तिसरी मूर्ती, फेटावाली, खाली लिहिलंय ते वाचा" असं सांगतात. समोरच्याला तेच पान दिसलं नाही तर सगळं बोलणंच फुकट. लिहिलेलं मिडलवेअर काढून टाकलं.

अजून एक, हे पैशाचं आहे म्हणून सांगतो. बिनप्रीफिक्सच्या पानांवर भाषा ठरलेली असूनही लोकेल मिडलवेअर व्हेरी हेडरमध्ये (पान कशावरून बदलतं हे सांगणारी, उत्तरासोबत जाणारी ओळ) ॲक्सेप्ट-लँग्वेज, म्हणजे ब्राउझरची भाषायादी, टाकतंच. पुढे एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा कॅशे (तयार पानांचा साठा) असेल तर तो त्या हेडरचा मान राखून प्रत्येक ब्राउझरच्या भाषायादीमागे एकाच पानाची वेगळी प्रत ठेवतो. माझा सर्व्हर सगळ्यात स्वस्तातला, तो धापा टाकायला लागला. होस्टिंगवाल्यांचा सपोर्ट तीन दिवस एकच टुमणं, प्लॅन वाढवा. मी फक्त या पब्लिक पानांपुरतं एनजिनएक्सला व्हेरी दुर्लक्ष कर म्हणून सांगितलं, ओळ एक, खर्च शून्य. ऑर्डर आणि लॉगिनच्या पानांवर हा शहाणपणा करू नका.

/एमआर/चा रीडायरेक्ट मी पुढच्या वर्षी काढणार होतो. काल काकांना सांगितलं तर त्यांनी गोडाऊनमधून पुठ्ठ्याचं खोकं आणून समोर ठेवलं, त्यावर क्यूआर कोडचं स्टिकर, स्कॅन केलं तर /एमआर/. "अशी दोन हजार छापलीत रे, संपू दे मग बघू."