लॉइड जॉर्ज संग्रहालय, लानस्टिमडुई: हायगेटसाठी वेळ राखून ठेवा

उत्तर वेल्समधल्या या गावी गेलात तर काचेच्या कपाटांपेक्षा हायगेट या घरात जास्त रेंगाळा. वडील गेल्यावर डेव्हिड लॉइड जॉर्ज, म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले वकील, इथेच मामांकडे वाढले. मामा रिचर्ड लॉइड मोचीकाम करायचे आणि चॅपेलात प्रवचनंही द्यायचे. त्यांची कामाची खोली बघताना भाच्याच्या वकिलीचं मूळ कळतं.

मी स्वतः वकील, म्हणून माझं सगळं लक्ष लानफ्रोथेन गावच्या १८८८ च्या दफन-खटल्यावर. रॉबर्ट रॉबर्ट्स या खाणकामगाराला आपल्या लेकीशेजारी दफन व्हायचं होतं. रॉबर्ट्स चर्चपेक्षा वेगळ्या पंथाचा, म्हणून पाद्री आडवा आला. चार वर्षांपूर्वीच सॉलिसिटर झालेल्या लॉइड जॉर्जनी रॉबर्ट्सच्या घरच्यांना सांगितलं, दफनभूमीचं फाटक तोडा आणि दफन करा! खालच्या कोर्टात निकाल विरुद्ध गेला, अपिलात ते जिंकले. १८९० मध्ये अवघ्या १८ मतांनी खासदार. १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा, १९१६ ते १९२२ चं पंतप्रधानपद हे पुढचं. पण माझ्या लेखी माणूस त्या फाटकापाशीच घडला.

नदीकाठची त्यांची कबरही जवळच आहे, चुकवू नका. निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा मात्र नक्की तपासा.