जुन्या चित्राचं ‘लायसन्स’ आणि माझे १५,४९९ रुपये

जुन्या चित्रांच्या डिजिटल फाइलींची ‘व्हिंटेज किट’ विकणाऱ्या एका सोशल मीडिया पेजने मला १५,४९९ रुपयांना गंडा घातला. आधी १,४९९, मग ४,२००, मग ९,८००. लिहिताना अजून हात थरथरतोय, पण निदान तुमचे पैसे वाचावेत.

मी घरून डिजिटल स्क्रॅपबुकची पानं करून देते. एका काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या अल्बमची ऑर्डर होती. त्यांची नारळाची वाडी, म्हणून ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या झाडांवरच्या सतराव्या शतकातल्या ग्रंथामधलं माडाचं चित्र मधोमध आणि अख्खं पान एकाच शेवाळी रंगाच्या गडद-फिक्या छटांत, असं ठरलं. एकरंगी पानात लपवाछपवी चालत नाही. दुसरा रंगच नसतो, त्यामुळे नजर थेट रेषेवर जाते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या त्या बारीक रेघा तुटल्या, की ग्रेडियंट मॅप (चित्राच्या गडद-फिक्या भागांना एकाच रंगाच्या छटा देणारी सोय) लावल्यावर तिथे नुसता चिखल दिसतो. बारा बाय बारा इंचांचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे दर बाजूला ३६०० पिक्सेल लागतात. म्हणूनच मी ‘मूळ ग्रंथावरून स्कॅन, आजीवन लायसन्स’ असं लिहिलेलं किट १,४९९ रुपये मोजून घेतलं. कुठून तरी उचललं नाही. प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्यालाच लुटायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

खूण समोर होती, तेच डोक्यातून जात नाही. या ग्रंथातल्या चित्रांवर झाडाचं नाव रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी लिपीत कोरलेलं असतं. माझ्या फाइलमध्ये नागरीच्या जागी शिरोरेषा होती आणि तिला लोंबणाऱ्या गाठी. एक अक्षर लागेल तर शपथ. लहानसं चित्र सॉफ्टवेअरने फुगवलं की अक्षरांचं असंच होतं. मी झूम करून पाहिलं होतं! जुनं वळण असेल असं वाटलं आणि तो कोपरा कापून टाकला. तीनशे वर्षांपूर्वीची नागरी कोण रोज वाचतं? जुन्या चित्रावर लिहिलेलं असेल तर आधी ते वाचा. वाचता येत नसेल तर पैसे देऊ नका.

पान काकांच्या मुलीला विचारून मी माझ्या कामाचा नमुना म्हणून ऑनलाइन टाकलं आणि लगेच ईमेल आला. चित्राचे हक्क परदेशी संग्रहालयाचे आहेत, तुमचं लायसन्स ‘वैयक्तिक’ आहे, ४,२०० भरा. भरले. मग ९,८०० ‘परत मिळणारी अनामत’, नाहीतर नोटीस थेट ग्राहकाच्या घरी. कार्यक्रम तोंडावर आलेला, ऐंशी पार केलेल्या माणसाच्या दारात नोटीस जाऊ द्यायची का? तुम्हीही भरले असते.

हक्क कसले? हा ग्रंथ १६७८ ते १६९३ दरम्यान ॲमस्टरडॅममध्ये बारा खंडांत छापला गेला. आपल्या १९५७च्या कायद्यात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयावर त्याचे खंड फुकट आहेत, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

आणि आता यंत्रणा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. परत ठाण्यात, तर आयटी कायद्याचा तपास निरीक्षकच करतात आणि साहेब बंदोबस्ताला. एकाने तर विचारलं, “चित्रासाठी एवढे पैसे देतात का, ताई?” माझ्या कामाची किंमत त्याला विचारायला गेले होते का मी? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता खबर नोंदवायची असते, असं म्हटल्यावर “तुम्ही वकील आहात का?” शेवटी साधा अर्ज घेतला. शिक्का मागून घ्यावा लागला.

पैसे गेले की आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक लावा, ठाणं नंतर. यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. ईमेल पुसू नका, मूळ हेडरसकट (ईमेल कुठून आला त्याची आतली नोंद) जपून ठेवा. ‘परत मिळणारी अनामत’ मागणारा ती परत देत नसतो.

ते पेज अजून चालू आहे. आता आंब्याचं चित्र विकतात, किंमत तीच, १,४९९. तुम्हाला तसा ईमेल आला असेल तर उत्तर न देता तक्रार करा. माझ्या अर्जाला अजून गुन्हा क्रमांक मिळालेला नाही. एकाच पेजविरुद्ध चार जणांचे अर्ज आले, तर साहेबांना बंदोबस्तातून वेळ काढावा लागेल.